ढलप्यांचा डबा

१

अल्लाची शपथ, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. एक तुकडा सोडून. तो कुठला, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही तेवढाच कान देऊन ऐकाल आणि बाकीच्या वेळी जांभया द्याल. मी लोकांना ओळखून आहे.

आणखी एक. पुढे मी म्हणणार आहे की त्या दुपारी दुकानात मी एकटा होतो. एकटा नव्हतो, मांजर होती. पण मांजरीला साक्षीला बोलावता येत नाही, आणि त्या दुपारपासून ती दुकानाची पायरीही चढत नाही. तेव्हा एकटाच धरा.

मी फर्गली, कारागीर म्हणून लोक मला उस्ता म्हणतात. कैरोत, अझहर मशिदीच्या मागच्या गल्लीत माझं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. गिऱ्हाइकं बहुतेक अक्षरवाली. सुंदर अक्षर काढणं हा एक आजार आहे आणि त्यावर औषध नाही. चांगला धडधाकट माणूस बोरू घेऊन बसतो, एकच अक्षर दिवसभर गिरवतो, उभी रेघ किती ठिपके उंच झाली ते मोजतो आणि संध्याकाळी असा थकून उठतो, जणू पिरॅमिडचा दगड वाहून आला. त्या गिरवलेल्या सुट्या कागदांचा ढीग झाला की तो माझ्याकडे येतो. मी कागद दुमडतो, शिवतो, पुठ्ठा घालतो. आजार बांधून ठेवतो म्हणा ना.

पुठ्ठा मी विकत आणत नाही. आमच्या गल्लीची जुनी रीत आहे. लिहिलेला कागद कुणी उकिरड्यावर टाकत नाही, न जाणो त्यात अल्लाचं नाव असेल. असे कागद एकावर एक खळीनं चिकटवायचे, शिकंज्यात दाबून वाळवायचे. लाकडासारखा पुठ्ठा होतो. कैरोतली जुनी पुस्तकं उकलून बघा, वर एक लिखाण असतं आणि पुठ्ठ्याच्या पोटात दुसरं. ते कुणी वाचत नाही. वाचू नये म्हणूनच ते तिथं असतं.

२

सफवत बे आला तेव्हा खमसीनचा वारा सुटला होता. सगळ्या गल्लीच्या दातांत वाळू करकरत होती आणि याचे बूट मात्र चकाकत होते. कुठल्याशा सरकारी खात्याचा निवृत्त संचालक. निवृत्त झाल्यावर या जातीच्या माणसांना एकतर साखर होते नाहीतर कलेची आवड. याला दोन्ही झालं होतं आणि दोन्हींबद्दल तो सारख्याच उत्साहानं बोलायचा.

"उस्ता फर्गली," तो म्हणाला, "तुझ्या हातून आज इतिहास बांधला जाणार आहे."

"आधी तो टेबलावर ठेवा बे साहेब. वाऱ्यानं उडेल."

त्यानं एक गठ्ठा ठेवला. गिरवलेले कागद. वर काळ्या शाईत शिष्याची ओळ, तिच्याखाली लाल शाईत गुरूची दुरुस्ती. आमच्याकडे शिकवणी अशीच चालते. गुरू तोंडानं बोलत नाही, तुमच्या अक्षराखाली आपलं अक्षर काढून दाखवतो, आणि लाज तुमची तुम्ही वाटून घ्यायची.

"शलबी उस्तादांची लाल शाई," सफवत म्हणाला. "वर्षानुवर्षं त्यांच्या पायाशी बसलोय. हे बघ, शेवटचं पान."

शेवटच्या पानावर इजाजत होती. इजाजत म्हणजे गुरूनं लिहून दिलेली परवानगी. ती मिळेपर्यंत शिष्यानं आपल्या अक्षराखाली स्वतःचं नाव घालायचं नसतं. इथं ती होती, आणि खाली सफवतचं नाव असं ऐसपैस पसरलं होतं जसा जाडा माणूस बाकावर पसरतो.

आता शलबी उस्ताद कोण ते सांगतो. चहात पडलेल्या माशीकडे आपण बघतो तसा ते शिष्याच्या कागदाकडे बघायचे. इथं सगळ्यांचा पहिला धडा एकच असतो, एका ओळीची प्रार्थना: देवा, सोपं कर, अवघड करू नकोस. ही ओळ जमली की पुढचा धडा. सफवत त्या ओळीच्या पुढे कधी गेलाच नाही, हे गल्लीतल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. तो कागद न्यायचा, उस्ताद खाली तीच ओळ लाल शाईत काढायचे, कागद परत सरकवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." झालं. एवढंच शिक्षण.

उस्ताद हिवाळ्यात वारले होते. आणि या कागदांवरच्या लाल शाईचा वास अजून गेला नव्हता.

"शाई ओलसर वाटते, बे साहेब."

"चांगली शाई सावकाश वाळते."

"हो ना. मेलेल्या माणसाची तर आणखीनच सावकाश."

तो हसला. ज्यांना आयुष्यभर हाताखालच्यांनी हसून दाखवलं त्यांना टोमणा कळत नाही, त्यांना वाटतं आपली करमणूक चालली आहे.

त्याला घाई होती. पाणपोईच्या वर उस्तादांची शिकवणीची खोली आहे, ती वक्फची. गुरुवारी वक्फचे लोक तिथं जमणार होते, आणि ज्याच्याकडे शलबींची इजाजत त्याच्या ताब्यात खोली देणार होते. तोवर उस्तादांची मुलगी कौसर तिथं मुलींना शिकवत होती. तिचा हात बापासारखाच होता, पण इजाजत तिलाही नव्हती. बापानं मुलीलासुद्धा "पुन्हा" म्हणूनच ठेवलं होतं.

मग सफवतनं एक पोतं माझ्या पायाशी ढकललं. आत काळेकुट्ट कागद. उस्ताद रोज सकाळी हात मोकळा करायला कागद घ्यायचे, ओळीवर ओळ, कागद आडवा करून, उलटा करून, पांढरं काही उरेनासं होईपर्यंत.

"याचे पुठ्ठे कर."

"हे? हे उस्तादांच्या हातचे आहेत."

"रद्दी आहे रे. एक अक्षर वाचता येतंय का बघ. खोलीतून उचलून आणले." मग त्याचा आवाज मऊ झाला. "आणि असं बघ, माझी पानं त्यांच्या दोन्ही हातांच्या मधे राहतील."

मूर्खाला सुंदर कल्पना सुचली की मी घाबरतो. पण त्या दिवशी घाबरलो नाही, वाळूनं डोळे चुरचुरत होते.

३

दुसऱ्या दिवशी कौसर आली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं.

"उस्ता, ते पुस्तक बांधू नका."

"मी नाही म्हटलं तर समोरचा बांधेल. आणि वाईट बांधेल."

"मग वाईट बांधू दे."

मी चहा मागवला. तिनं डबा टेबलावर ठेवून उघडला. आत बोरूच्या ढलप्या होत्या. बोरू तासताना निघणाऱ्या त्या पातळ, वाकड्या साली. अर्धा डबा भरला होता.

अक्षरवाल्यांची ही एक रीत मला आवडते, बाकीच्या सगळ्या भंपक आहेत. ते आयुष्यभर आपल्या बोरूंच्या ढलप्या साठवतात. माणूस मेला की त्या जाळून त्यांच्यावर त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवतात.

"अब्बा दवाखान्यातच वारले," कौसर म्हणाली. "मी पोचले तोवर त्यांना धुऊन गुंडाळून ठेवलं होतं. नळाचं पाणी. मी विचारलं, तापवलं कशावर? तर तो माणूस म्हणाला, बाई, गिझर आहे."

"अल्ला दया करो."

"हे राहिलं ते राहिलंच. आता खोली रिकामी करायला सांगितलंय. माझ्या घरी हे ठेवायला मन होत नाही. तुमच्याकडे राहू द्या गुरुवारपर्यंत." ती उठली, मग शिकंज्याकडे बघत म्हणाली, "त्याला ना उस्ता, एक ओळ येत नाही. एक ओळ. आणि माझ्या मुलींना तो काढून देणार कित्ता."

डबा मी वरच्या फळीवर ठेवला. झाकण सहज बसलं. हे लक्षात ठेवा.

४

उस्तादांचे कागद मी खळीनं चिकटवले, चढवत चढवत दोन पुठ्ठे केले आणि शिकंजा आवळून जेवायला बसलो. फूल, म्हणजे आमच्याकडचे शिजवलेले वाल, आणि कांदा. भर दुपार होती, गल्लीचा सगळा कोलाहल झोपलेला.

शिकंज्यातून करकर आवाज आला.

खळ वाळताना कागद बोलतो, नवीन काही नाही. मी घास घेतला. आवाज पुन्हा आला, बारीक, लांबट, ओढल्यासारखा. मग मी म्हटलं, किडा. जुन्या कागदात असतोच. उठलो, लाकडावर चापट मारली. आवाज थांबला, आणि मी हात बाजूला घेतल्यावर जिथं थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

बोरूचा कागदावर आवाज कसा होतो ते या गल्लीत जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. उभ्या रेघेचा वेगळा, वळणाचा वेगळा. तरी मी स्वतःला सांगत राहिलो की किडा आहे, मी काही म्हातारी बाई नाही. किडा खातो, दमतो, पुन्हा खातो, असंच चाललंय.

मग आवाज थांबला आणि एक अगदी हलकी टक ऐकू आली. दौतीच्या काठावर बोरू झटकला की होते तशी. आणि पुन्हा करकर.

किडा खाता खाता थांबेल. पण शाई घ्यायला थांबणार नाही.

मी उरलेला कांदा मांजरीला टाकला. तिनं तो हुंगलाही नाही, ती शिकंज्याकडे कान लावून बसली होती. मांजर कांदा खातच नाही म्हणा, तो काही पुरावा नव्हे.

५

सकाळी सफवतची पानं शिवायला घेतली. आरीनं भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं, पहिलं पान उचललं, तर अंगठा लाल झाला.

सफवतनं खोटी काढलेली जी लाल दुरुस्ती, तिच्याखाली आणखी एक लाल ओळ होती. तिची अक्षरं काढलेली वाटत नव्हती, कागदावर पहिल्यापासून असावीत अशी बसली होती. सगळ्या पानांवर तेच. खोट्या गुरूची प्रत्येक ओळ कुणीतरी शिष्याची म्हणून दुरुस्त केली होती. इजाजतीचं पान तेवढं तसंच होतं.

मी सफवतला बोलावणं धाडलं. तो आला, पानं बघितली आणि त्याच्या मानेवर घाम आला. पण संचालक तो संचालक.

"तू खराब केलीस माझी पानं?"

"मला माझं नाव धड लिहिता येत नाही, बे साहेब."

"मग त्या बाईनं केलं. कौसरनं."

"दुकानाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कंबरेला. आणि एवढी पानं एका रात्रीत? तुमची एक ओळ इतक्या वर्षांत झाली नाही."

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. अक्षराचा कागद अंड्याच्या पांढऱ्यानं घोटलेला असतो, त्यावरची शाई ओल्या बोटानं निघते. सगळे अक्षरवाले चूक झाली की बोट जिभेला लावतात आणि पुसतात. सफवत माझ्या स्टुलावर बसून पुसू लागला. जीभ, बोट, कागद. जीभ, बोट, कागद. एकेक नवी लाल ओळ तो पोटात घालत गेला. अर्ध्या तासानं मान वर केली तेव्हा त्याचे ओठ, दात, हिरड्या लाल होत्या आणि तो लहान मुलासारखा समाधानी दिसत होता.

"झालं स्वच्छ. आता बांध. माझ्यासमोर बांध."

मी बांधलं. दोरा ओढताना तो हळूच म्हणाला, "चव ओळखीची आहे."

"कसली?"

"कसली कसली?" तो म्हणाला. त्याला स्वतः बोलल्याचं आठवत नव्हतं.

६

आता ती दुपार. पुस्तक तयार होतं, वर तांबडं चामडं, कडेला दुमडून बंद होणारी झडप. शेवटच्या दाबासाठी मी ते शिकंज्यात घातलं. दुकानात मी एकटा. शटर गुडघ्यापर्यंत ओढलं आणि चटईवर आडवा झालो. खालून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि शिकंज्याच्या पायाशी संपत होती.

करकर चालू होती. मला तिची सवय झाली होती, हे सांगायला लाज वाटते. शेजाऱ्याच्या घोरण्याची होते तशी.

मग ती थांबली. बराच वेळ काही नाही. आणि वेगळाच आवाज, चाकूचा, हिरव्या काडीवरून फिरल्यासारखा. उन्हाच्या पट्टीत काहीतरी पडलं.

मी रांगत गेलो. ढलपी होती. वाकडी, ताजी, आतून अजून ओली. नदीकाठच्या बोरूचा वास येत होता. वरच्या फळीवरचा डबा बंद होता, मी बघितलं. मांजरीची पाठ कमानीसारखी झाली होती.

शिकंजा पूर्ण आवळलेला होता. त्या पुस्तकाच्या पानांत सुरीचं पातं शिरलं नसतं. मी खाली बसून, उन्हाच्या उंचीवर डोळे आणून बघितलं. पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्या मधून बोरूचं टोक बाहेर आलं होतं. तिरपं तासलेलं, मधे चीर, चिरेत लाल थेंब. ते जरा थांबलं, थेंब झटकला, टक, आणि आत गेलं.

टोक आत जाताना त्याच्या मागे जे होतं ते क्षणभर दिसलं. बोटं म्हणता येतील. पण कागदावर कागद चिकटवून, दाबून, वाळवून बोटं केली तर जशी होतील तशी. आणि ती काळी होती, पांढरं काही उरू नये इतकी.

७

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर पाणपोईच्या वरच्या खोलीत सगळे जमले. वक्फचे लोक, अक्षरवाले म्हातारे, पुदिन्याचा चहा. कौसर दाराशी उभी, तिच्या मुली जिन्यात. मी पुस्तक कापडात गुंडाळून नेलं होतं, कारण हात लावायचा नव्हता.

सफवतनं भाषण केलं. त्यात तो सोडून फारसं कुणी नव्हतं. मग त्यानं झडप उलगडली आणि पुस्तक सरळ शेवटच्या पानावर उघडून सगळ्यांसमोर धरलं.

"ही शलबी उस्तादांची इजाजत."

एक म्हातारा चष्मा पुसून पुढे वाकला.

"सफवत बे," तो म्हणाला, "हा पहिला धडा आहे."

इजाजत नव्हती. सफवतचं नाव नव्हतं. कोऱ्या, घोटलेल्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती, देवा, सोपं कर, अवघड करू नकोस. शाई अजून चमकत होती. खाली गिरवण्यासाठी जागा सोडलेली होती.

"हात शलबींचाच," दुसरा म्हातारा म्हणाला. "यात शंका नाही. पण ही इजाजत नव्हे बाबा, हा कित्ता आहे."

मला वाटलं आता हा ओरडेल, कौसरवर आळ घेईल. माझा तर तो आवडता देखावा झाला असता. पण सफवतनं पुस्तक मिटलं नाही. त्याचं तोंड जरा उघडं होतं, हिरड्या अजून लाल. तो खाली बसला, चकाकणाऱ्या बुटांसकट, चटईवर. खिशातून बोरू काढला आणि लाल ओळीखाली काळी ओळ काढू लागला.

"बे साहेब, उठा," वक्फचा माणूस म्हणाला.

"ऐकू येत नाही का? त्यांनी सांगितलंय," सफवत म्हणाला.

"काय सांगितलंय?"

"पुन्हा."

वक्फच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि खोली कौसरकडेच राहू दे असं ठरवलं. चहा तसाच राहिला. जिन्यातून खाली येताना मागून ती करकर येत होती.

८

पुढे कौसरनं माझ्याकडून डबा नेला. कबरीपाशी तीन दगड मांडले, ढलप्या पेटवल्या, पाणी तापवलं आणि बापाच्या कबरीवर ओतलं. वाफ निघाली, बोरूचा वास सुटला. त्या दिवसापासून सगळं शांत झालं. सफवत बे घरी गेला, आता बायकोला औषधांची नावं वाचून दाखवतो आणि अक्षराचं नाव काढत नाही. छान झालं की नाही?

हा तो तुकडा. एवढा मी रचला.

डबा माझ्याकडेच आहे. मी तिला म्हटलं होतं, "कौसर, जाळून टाक एकदाच्या. संपव हे."

ती म्हणाली, "कुणाच्या पाण्यासाठी जाळू? मेलेलं कोण आहे ते आधी ठरू दे."

सफवत घरी बसून गिरवतो. त्याची बायको कागदांचे गठ्ठे माझ्याकडे पाठवते, मी बांधतो, कुणीतरी बांधायला हवेतच. घरी कुणी येत नाही, तरी प्रत्येक ओळीखाली लाल ओळ असते. मधे मी एक गठ्ठा कौसरला दाखवला. तिनं काळी ओळ बघितली, लाल ओळ बघितली, पुन्हा काळी बघितली आणि कागद पालथा घातला. दोन्ही ओळी एकाच हातच्या झाल्या आहेत. अजून तो पहिल्याच धड्यावर आहे.

माझ्या दुकानात बोरू कुणी तासत नाही. डबा आला तेव्हा अर्धा होता. गेल्या महिन्यापासून झाकण बसत नाही, म्हणून मी त्याला मेणाचा दोरा बांधला आहे, पुस्तकं शिवायचा, तुटत नाही तो. दोरा पत्र्यात रुतला आहे, आणि झाकण कडेनं वर येतंय.